हशा, वरून

मावशी ऑफिसातून घरी आली की आधी चपला काढायची नाही. चपलांसकट सरळ आतल्या खोलीत जायची, खिडकीखालच्या पत्र्याच्या ट्रंकेसमोर वाकायची आणि झाकणाच्या फटीत अडकवलेला दोरा बघायची. साधा शिवणाचा दोरा. सकाळी निघताना तिनेच तो लावलेला असायचा, एक टोक आत, एक टोक पेरभर बाहेर. तो जागच्या जागी दिसला की तिचे खांदे जरासे खाली यायचे. मग ती दारापाशी परत जायची, चपला काढायची आणि नुकतीच आल्यासारखं म्हणायची, "आले गं."

"पुसलेली फरशी," आजी कुरकुरायची.

"पुसते परत."

ही युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती. तिने ती स्वतःच्याच पहिल्या कादंबरीतल्या डिटेक्टिव्हला, 'मागच्या साहेबां'ना, शिकवली होती आणि पुढे त्यांच्याकडून स्वतः उचलली.

मावशी विधिमंडळात प्रतिवेदक होती. सभागृहात सभासद जे बोलतात ते शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचं, मग खोलीत येऊन टाइप करायचं, हे तिचं काम. सभापतींच्या आसनाखाली, मंत्र्यांच्या पहिल्या रांगेसमोर, एक बुटकं टेबल होतं. तिथे पाळीपाळीने एकेक प्रतिवेदक येऊन बसायचा आणि पुढचा आला की भाषण न तोडता उठायचा. ते टेबल इतकं खाली आणि इतकं पुढे होतं की तिथून मंत्र्यांच्या हनुवट्या खालून दिसायच्या. कोणाच्या कॉलरला आतून ठिगळ आहे, कोण टाळ्या वाजताना झोपेतून उठतो, कोण भाषणाच्या कागदाआड कोडं सोडवतो, सगळं. सभागृहात दिसत होतं ते सगळ्यांना आणि त्या टेबलावरून दिसत होतं ते फक्त आठ प्रतिवेदकांना.

या आठ जणांचे प्रमुख मास्तर. सगळ्यांना लघुलिपी त्यांनीच शिकवली होती, म्हणून मास्तर. त्यांच्या खोलीचा एक घरगुती नियम होता. सभासद हसले की कंसात 'हशा' लिहायचं. पण वरच्या गॅलरीत बसलेल्या प्रेक्षकांना हसायची परवानगी नसते. त्यामुळे ते हसले तरी अधिकृत अहवालात ते हसलेले नसतात. पण कच्च्या मसुद्यात मास्तरांना कळायला हवं, हे हसू खालचं की वरचं. म्हणून प्रतिवेदक लिहायचे, 'हशा, वरून'. मास्तर लाल पेन्सिलीने ते काढून टाकायचे आणि मसुदा फाडून टोपलीत जायचा. हे दोन शब्द त्या खोलीबाहेर कधी गेले नव्हते.

घरात तिघीजणी. मावशी, आजी आणि माझी आई. आई तेव्हा कॉलेजात होती. आजोबा लवकर गेले होते आणि घर मावशीच्या नोकरीवर चाललं होतं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आजीचे कान एका तापात गेले होते, पण हे शेजारच्यांनाही नीट ठाऊक नव्हतं, कारण आजी तोंडं वाचायची आणि त्याहून जास्त मावशीचं तोंड वाचायची. दूधवाल्याने खालून हाक मारली की मावशीची मान एवढीशी वळायची आणि आजी भांडं घेऊन निघालेली असायची. दूधवाला म्हणायचा, म्हातारीचे कान काय तिखट आहेत.

सुट्टीच्या दुपारी रेडिओ मोठा लावून मावशी गोष्ट सांगायची आणि आई गोल अक्षरात लिहून घ्यायची. पिवळ्या कव्हरच्या, खिशात मावणाऱ्या कादंबऱ्या. लेखकाचं नाव, 'दुर्बीण'. स्टँडवरच्या स्टॉलवर त्या आल्या की दुसऱ्या दिवशी शिल्लक नसायच्या. त्यातले डिटेक्टिव्ह म्हणजे विरोधी पक्षाचे, अगदी शेवटच्या बाकावरचे एक सभासद. निवडून आल्यापासून ते सभागृहात एकच शब्द बोलले होते, 'उपस्थित'. कोणी त्यांना बोलू देत नाही, कोणी त्यांचं नाव लक्षात ठेवत नाही, सगळे 'ते मागचे साहेब' म्हणतात. करायला काही नाही म्हणून ते खोकल्याच्या गोळ्या चघळत गुन्हे शोधतात. 'सभापतींची घंटा', 'मतपेटीतलं मांजर', 'तिसऱ्या मजल्यावरचा मंत्री'. खून कधीच नाही. फार तर एखाद्याची खुर्ची जायची.

ट्रंकेत ठेवलेलं हस्तलिखित छापखान्यात पोचवायची आजी. भाजीच्या पिशवीत, वर कोथिंबीर. ऑफिसचं काम आहे, एवढंच तिला सांगितलेलं. छापखानेवाला तिला लेखकाच्या घरची स्वयंपाकीण समजायचा. काही विचारलं की ती भलतंच उत्तर द्यायची. पुढचं कधी, असं विचारलं तर म्हणायची, नको, चहा घेऊन आले. तिथे मावशीचा चेहरा नसायचा ना.

मावशीच्या खोलीतले लोकही दुर्बीण वाचायचे. पाळीची वाट बघताना चर्चा त्याचीच. तिथे एक सहकारी होते, त्यांना सगळे 'घड्याळ' म्हणायचे, कारण दुसऱ्याची पाळी संपायला उशीर झाला की ते मनगट वर करून दाखवायचे.

"दुर्बीण म्हणजे नक्की कोणीतरी पडलेला आमदार आहे," घड्याळ म्हणायचे. "एवढा रिकामा वेळ दुसऱ्या कोणाला असणार?"

"बाई नसेल कशावरून?" मावशी टाइप करता करता विचारायची.

"बाई असती तर शेवटी एखादं तरी लग्न लावलं असतं तिने."

"एवढं वाईट लिहितो तर वाचता कशाला?"

"झोप लागावी म्हणून वाचतो."

"काल तर डोळे लाल होते तुमचे."

घड्याळ मनगट बघायचे. मावशीला आतून हसण्याची उकळी फुटायची आणि बाहेरून ती फक्त कागद सरळ करायची. त्या काळातली तिची सगळी गंमत एवढीच होती आणि तिला ती पुरत होती.

मग चौथं पुस्तक आलं, 'कवळीचं कारस्थान'.

गोष्ट अशी. मत्स्यमंत्र्यांचं मोठं भाषण आहे आणि त्या दिवशी सकाळी त्यांची कवळी नाहीशी होते. संशय विरोधी पक्षनेत्यावर, दाताच्या डॉक्टरवर, खाजगी सचिवावर. मागचे साहेब शोधून काढतात की कवळी मंत्रीणबाईंनीच लोणच्याच्या बरणीत लपवली होती. आरशासमोर चाललेलं ते भाषण घरात ऐकून ऐकून त्या विटल्या होत्या, निदान जनतेची तरी सुटका व्हावी म्हणून. मंत्री दातांविना उभे राहतात, एक शब्द कोणाला कळत नाही आणि पहिल्यांदाच त्यांचं विधेयक एकमताने मंजूर होतं. त्या प्रसंगी मावशीच्या तोंडून सवयीने निघून गेलं आणि आईने ते तसंच लिहून घेतलं, कंसात, 'हशा, वरून'. छापखानेवाल्याला ती लेखकाची लकब वाटली.

दुसरी चूक याहून मोठी होती. मत्स्यमंत्री लांबलचक शब्द बोलण्याआधी मान खाली घालतात आणि डाव्या अंगठ्याने वरचा जबडा दाबतात, असं तिने लिहिलं होतं. हे तिने खऱ्या माणसावरून घेतलं होतं. पहिल्या रांगेतले एक उपमंत्री असंच करायचे. रोज डोळ्यांसमोर दिसणारी गोष्ट सगळ्यांनाच दिसत असणार, असं तिला वाटलं. ते मान खाली घालायचे ती त्या बुटक्या टेबलाच्या बाजूला, म्हणून अंगठा नेमका काय करतो ते फक्त तिथूनच दिसायचं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. पुस्तक छापून येईपर्यंत मंत्रिमंडळ बदललं आणि उपमंत्र्यांचे गृहमंत्री झाले.

नवे गृहमंत्री कमी बोलायचे. त्यांच्याबद्दल लोक त्याहून कमी बोलायचे. आमच्या कोपऱ्यावरच्या साप्ताहिकाचे संपादक चौकशीला बोलावलं म्हणून गेले आणि परत आल्यावर छत्र्या विकू लागले. कोणी विचारलं की म्हणायचे, धंदा बरा आहे. रस्त्यात दोन माणसं बोलत उभी असली आणि तिसरा आला, की विषय हवापाण्यावर जायचा.

अशात एका दुपारी गृहमंत्री निवेदनाला उभे राहिले. टेबलावर पाळी मावशीची. 'उत्तरदायित्व' शब्द यायचा होता. त्यांनी मान खाली घातली, अंगठा वर नेला आणि गॅलरीत पुस्तक वाचलेलं कोणीतरी फसकन हसलं. मग आणखी कोणी. मग हसणं अख्ख्या गॅलरीत पसरत गेलं, दाबलेलं, नाकातून येणारं. खाली कोणी हललं नाही.

मावशीच्या हाताने लिहिलं, हशा, वरून. लिहून झाल्यावर तिला कळलं की हे हसू तिचंच आहे.

गृहमंत्र्यांनी वर गॅलरीकडे बघितलं. मग खाली, टेबलाकडे बघितलं. अंगठा अजून तोंडाशीच होता. मावशीने मान वर केली नाही. तिची पेन्सिल चालत राहिली, बोलत कोणी नव्हतं तरी.

त्या आठवड्यात स्टॉलवरून पिवळी पुस्तकं दिसेनाशी झाली. मग एका संध्याकाळी, कामकाज संपल्यावर, मास्तरांनी खोलीचं दार आतून लावलं. त्यांच्या हातात 'कवळीचं कारस्थान' होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

"वाचलंय सगळ्यांनी?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं. "वाचलंय. मीही वाचलं. हसलोही. मग अठ्ठ्याऐंशीव्या पानावर माझं हसू गेलं." त्यांनी पान उघडून कंसावर बोट ठेवलं. "हे या खोलीबाहेरच्या माणसाला लिहिता येणार नाही."

घड्याळांनी पुढे वाकून बघितलं आणि ते हळूच मागे सरकले.

"कोण आहे ते मला सांगू नका," मास्तर म्हणाले. "मला माहीत नसलं तर माझ्याकडून काढून कोणी काय घेणार? फक्त ज्याला समजायचं त्याने समजून घ्या. छापखानेवाल्याला काल घेऊन गेले. आणि उद्या गृहखात्याचे एक साहेब आपल्याकडे येतायत."

मावशी घरी निघाली ती धावत नव्हती. धावणारी बाई लोकांच्या लक्षात राहते, असं मागचे साहेब एकदा म्हणाले होते. घरी आली, चपलांसकट आत गेली. दोरा जागेवर होता. पण आजी घरात नव्हती.

"आई कुठेय?"

"छापखान्यात गेलीय," माझी आई म्हणाली. "पाचव्या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं घेऊन. तूच तर सकाळी बाहेर काढून ठेवली होतीस."

मावशी ट्रंकेवर बसली. खाली दुकानात कोणीतरी सायकलचं चाक फिरवून सोडत होतं, ते टिकटिकत थांबायचं, परत फिरायचं. बऱ्याच वेळाने जिन्यावर पावलं वाजली. आजी वर आली, पिशवी खाली ठेवली.

"बंद आहे छापखाना. दारात पोलीस उभा होता."

"त्याच्याशी बोललीस?" मावशी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"म्हटलं, कधी उघडणार? तो काहीतरी म्हणाला."

"काय म्हणाला?"

"मला काय ऐकू येतंय? म्हटलं, बरं, उद्या येते."

"आणि पिशवी बघितली त्याने?"

"कोथिंबीर बघितली. जून आहे म्हणाला असेल, तोंड तसं केलं."

मावशी भिंतीला टेकून हसली. आईने सांगितलं, ते हसणं तिला रडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

त्याच संध्याकाळी पाचव्या पुस्तकाचे सगळे कागद बादलीत भिजत पडले. जाळले असते तर वास खालच्या दुकानात गेला असता. दुसऱ्या दिवशी शाई उतरून पाणी निळं झालं. आजीने कागद कुस्करून बघितले, म्हणाली, "वाया कशाला घालवता, लगदा छान झालाय." आणि तिने त्याचा थापून थापून एक ट्रे केला, कडा उचललेला, आणि खिडकीत वाळत ठेवला. मागचे साहेब पाचव्या गोष्टीत काय शोधत होते ते मावशीने पुढे कधीच सांगितलं नाही.

गृहखात्याचे साहेब आले. राखाडी कोट, राखाडी केस, आवाज एखाद्या चांगल्या डॉक्टरसारखा. त्यांनी कोणाला दरडावलं नाही. एकेकाला समोर बसवलं.

"दुर्बीण वाचता?" त्यांनी मावशीला विचारलं.

"वाचते. सगळेच वाचतात."

"आवडतं कुठलं?"

"सभापतींची घंटा."

"माझंही." ते खरोखरच खूष झाले. "कवळीचा शेवट मात्र घाईत उरकलाय. लेखकाला कंटाळा आला असावा."

शेवटची पानं छापखानेवाल्याने कागद वाचवायला कापली होती. ते वाक्य मावशीच्या दातांपर्यंत आलं. तिने ते गिळलं. पुढे ती म्हणायची की आयुष्यात तिने गिळलेली सगळ्यात कडू गोष्ट ती.

"मला तसं वाटलं नाही," ती म्हणाली. "पण मी काही जाणकार नाही."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं.

"मास्तर म्हणतात, कंसातलं ते 'वरून' ही छपाईची चूक आहे. असेल. छापखानेवाल्याने लेखकाला कधी बघितलेलं नाही, ते मला पटलंय. तो एवढंच सांगतो, एक म्हातारी यायची. बहिरी ठार. पाठीमागे भांडं पडलं तरी वळायची नाही." ते हसले. "मला कोडी आवडतात. तेव्हा मी तुमच्या सगळ्यांकडे एकेकदा चहाला येतो. काही करू नका, चहा पुरे."

मावशीकडे ते रविवारी सकाळी येणार होते. मधल्या दिवसांत घरात कोणी नीट जेवलं नाही, आजी सोडून. तिला बाहेर जायला बंदी झाली.

"कोंडून का ठेवलंय मला?" ती आईला विचारायची. "काय केलंय मी?"

"काही नाही. हवा वाईट आहे."

"हवा वाईट आहे, आणि तू रोज हिंडतेस ती?"

आईला वाटत होतं, आजीला सगळं सांगून टाकावं. मावशी म्हणाली नको. "तिला भीती घातली तर ती तोंडावर दिसेल."

"मग गावाला पाठवूया आत्याकडे."

"अचानक गावाला गेलेली म्हातारी म्हणजे कबुलीच."

"मग?"

पुस्तकात असतं तर मावशीने एव्हाना मागच्या साहेबांना गोळी चघळायला दिली असती. नोकरी गेली तर घर कसं चालणार हा प्रश्नसुद्धा आता मागे पडला होता. त्या राखाडी कोटामागोमाग जिना उतरून जाणारी आजी तिला दिसायची. कोणी काहीही विचारलं तरी, नको, चहा घेऊन आले, असं म्हणणारी.

रविवारी साहेब आले. दारात त्यांनी बूट काढले, मोजे स्वच्छ होते. खुर्ची एकच, तिच्यावर ते बसले. समोर स्टुलावर मावशी. आजी चहा घेऊन आली ती लगद्याच्या ट्रेमधून. तो ट्रे घ्यायचा नाही हे सांगायला दोघी विसरल्या होत्या.

"आजी, नमस्कार," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडाकडे बघत आजीने नमस्कार केला.

"तब्येत कशी आहे?"

"गुडघे सोडले तर बरी आहे. साखर कमी घातलीय, लागली तर सांगा."

आईने स्वयंपाकघराच्या दाराला हात टेकला. साहेबांनी कप उचलला आणि ट्रेवरून बोट फिरवलं.

"हा घरी केलेला?"

"हो. लेकीच्या ऑफिसातले रद्दी कागद. फार कागद वाया घालवतात हो तुमच्याकडे."

"ते खरंय," साहेब म्हणाले.

मावशी कपाकडे बघत होती. साहेब इकडचं तिकडचं बोलले. घर हवेशीर आहे. खालच्या दुकानाचा त्रास होत नाही का? आजी त्यांच्या ओठांवरून नजर हलू न देता उत्तरं देत होती. मग ती बिस्किटांची बशी आणायला वळली. तिची पाठ साहेबांकडे झाली, तोंड मावशीकडे.

साहेबांनी बशीतला चमचा उचलला, हात खुर्चीच्या बाजूला नेला आणि बोटं उघडली.

स्टीलचा चमचा फरशीवर पडून दोनदा उडाला. मावशी दचकली. खांदे, मान, डोळे, सगळ्या अंगाने दचकली आणि तिची नजर आजीच्या खांद्यावरून मागे, खाली, चमच्यावर गेली. ते अगदी क्षणभरच. पण त्या क्षणात तिला कळलं की संपलं.

आजी तिच्याकडे बघत होती. ती थांबली, आणि मागे न वळताच म्हणाली, "चमचा पडला वाटतं. राहू द्या, वाकू नका. धुतलेला देते दुसरा."

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघितली.

साहेबांनी स्वतः वाकून चमचा उचलला. तो त्यांनी उलटसुलट करून बघितला, मग आजीकडे बघितलं, मग बराच वेळ मावशीकडे. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आवरून ठेवायला आता तिच्यात ताकद नव्हती. त्यांनी चहा संपवला. बूट घातले. दारातून ते हळू आवाजात, मावशीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "पुस्तकात असतं ना, तर पटलं नसतं."

आणि जिना उतरून गेले.

दार लावल्यावरही तिघी तशाच उभ्या होत्या. आजीने कप गोळा केले. ट्रेवर चहाचा थेंब पडला होता तो पदराने टिपला.

"त्यांना ट्रे आवडला," ती म्हणाली. "पुढचं पुस्तक लिहाल तेव्हा जरा जाड कागद घ्या. लगदा जास्त निघतो."

मावशीने तिचे दोन्ही हात धरले. "तुला माहीत होतं?"

"कान गेलेत. माझ्यासमोर बसून एक बोलते, एक लिहिते, आणि दोघी खिदळता. ऑफिसच्या कामाला कोणी खिदळतं का?"

पुढचं पुस्तक आलं नाही. साहेब समजले की फसले, हे मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही. फसले असतील तर पुन्हा येतील. समजले असतील तर कधीही येतील. छापखानेवाला सुटून आला आणि लग्नपत्रिका छापू लागला. मास्तरांनी खोलीतली ती पद्धतच बंद केली. गॅलरी हसली तर प्रतिवेदकाला ऐकू आलं नाही असं समजायचं. घड्याळ एकदाच, पाळी बदलताना, तिच्या कानाशी म्हणाले, "तो दुर्बीण मेला बहुतेक. मला हल्ली झोप लागत नाही." तिने मान हलवली आणि टेबलावरून उठली.

ते सरकार गेलं. दुसरं आलं, तिसरं आलं. गृहमंत्र्यांच्या नावाचा रस्ता झाला, मग त्या रस्त्याचं नावही बदललं. आजी गेली, आईचं लग्न झालं, मावशी निवृत्त झाली. आई तिला म्हणायची, "ताई, आता लिही की. आता कोण विचारतंय?" मावशी म्हणायची, "बघू." आणि भाजी निवडायला घ्यायची. मला तिने सगळ्या गोष्टी तोंडी सांगितल्या, पाचवी सोडून. सांगताना खालून कोणाची पावलं वाजली की वाक्य अर्ध्यात सोडायची, पावलं दूर निघून गेली की तिथूनच पुढे सुरू करायची.

एकदा, खूप वर्षांनी, स्टँडवरच्या स्टॉलसमोर तिला ते गृहखात्याचे साहेब दिसले. कोट नव्हता, हातात काठी होती.

"दुर्बीणचं काही आलंय का?" ते विचारत होते.

"कोण दुर्बीण?" स्टॉलवाला म्हणाला.

"असो," ते म्हणाले. आणि तिथेच उभे राहिले, पिवळं काही दिसतंय का बघत.

मावशी लांबच्या गल्लीने घरी आली. एक म्हातारा माणूस, आवडतं पुस्तक शोधणारा. हे तिला कळत होतं, तरी त्या दिवशी तिने दाराला दोन्ही कड्या लावल्या.

ट्रंकेत आता गोधड्या होत्या आणि आजीचा ट्रे, कडेला चिरलेला. तरी दोरा रोज लागायचा आणि फरशी रोज दोनदा पुसली जायची. आम्ही हसायचो. तीही हसायची, पण वाकून बघून झाल्यावर.

दवाखान्यात ठेवलं तेव्हा तिने गोधडी मागितली, तिथली चादर टोचते म्हणून. मी घरी जाऊन आणते म्हटलं. तिने उशीखालून किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाली, "चपला काढायच्या आधी बघ हं."